आधी देवघेवीची वही, मग प्रश्नावली: खानदेशातल्या वाचनालयाचा अभ्यास कसा करावा

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात लघुप्रबंधाचे विषय ठरवायची वेळ आली, की जवळपास एकच शीर्षक माझ्यासमोर येतं. तालुक्याचं नाव फक्त बदलतं: ‘अमुक तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या वाचकांचे समाधान: एक अभ्यास’. मग तीस प्रश्नांची छापील प्रश्नावली. ती भरणार कोण, तर त्या आठवड्यात वाचनालयात आलेली माणसं. ग्रंथपाल समोर बसलेले असताना ‘सेवा कशी वाटते?’ याचं उत्तर ‘चांगली’ असंच येतं. जो माणूस तीन वर्षांपूर्वी वर्गणी बंद करून गेला, त्याच्यापर्यंत तो कागद पोचतच नाही.

मी स्वतः पहिला अभ्यास असाच केला होता. प्रश्नावल्या गोळा झाल्या, टक्केवारी निघाली, रंगीत आलेख छापले. शेवटच्या दिवशी चहा पिताना सहज शेजारची देवघेवीची वही चाळली, तेव्हा लक्षात आलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आधीपासून लिहून ठेवलेलं होतं. कोणतं पुस्तक किती वेळा गेलं, कोणत्या महिन्यात वाचक आटले, कोणता सभासद अचानक थांबला, सगळं तारखेसकट. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वहीकडे पाठवतो. हा लेख त्या कामाचा क्रम सांगण्यासाठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारमधले विद्यार्थी आणि स्वतःच्या वाचनालयाकडे नव्याने बघू इच्छिणारे ग्रंथपाल, दोघांनाही तो उपयोगी पडावा.

प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे

‘वाचनसंस्कृती’ हा विषय होऊ शकतो, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एका आकड्यात देता येईल आणि ते उत्तर चुकीचंही ठरू शकेल. काही नमुने देतो. गेल्या दहा वर्षांत दाखल झालेल्या पुस्तकांपैकी किती एकदाही घरी गेली नाहीत? कापूस वेचणीच्या महिन्यांत देवघेव खरंच कमी होते का? अभ्यासिकेत रोज बसणाऱ्या मुलांपैकी किती जण कथा-कादंबरी नेतात? अहिराणी पुस्तकांपैकी किती पुस्तकांसमोर भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलेलं आहे?

यातला कोणताही प्रश्न लहान नाही. पुस्तकांच्या प्रत्यक्ष वापराचा अभ्यास जगभर पन्नास वर्षांहून जास्त काळ चालू आहे. औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड ट्रूसवेल यांनी १९६९ साली दाखवलं, की साधारण ८० टक्के देवघेव ही २० टक्के पुस्तकांचीच असते. १९७९ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अभ्यासाने आणखी मोठा धक्का दिला: तिथे १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. हे आकडे अमेरिकेतल्या विद्यापीठांचे आहेत. पारोळ्याच्या किंवा तळोद्याच्या वाचनालयात काय निघेल, ते तिथे जाऊन मोजल्याशिवाय कळणार नाही. तुमच्या कामाची किंमत नेमकी तिथे आहे.

परवानगी: मार्चमध्ये जाऊ नका

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा असतो आणि अनुदान दर्जाप्रमाणे मिळतं. त्यामुळे कोणी वह्या मागितल्या, की कार्यकारिणीला आधी तपासणीच आठवते. ही भीती स्वाभाविक आहे. तिचा मान ठेवा.

पहिल्या भेटीत वही मागू नका. वर्गणी भरून सभासद व्हा, एक पुस्तक न्या, ते परत करायला आलात की मग ग्रंथपालांशी बोला. आपल्याकडे बऱ्याच गावांत हे काम एखादे अण्णा किंवा बापू वीस-पंचवीस वर्षं तुटपुंज्या मानधनावर करत आलेले असतात. त्यांना स्पष्ट सांगा: मी कोणत्या कार्यालयाकडून आलेलो नाही, सभासदाचं नाव कुठेही छापलं जाणार नाही, लिहिलेलं आधी तुम्हाला दाखवीन. मग अध्यक्ष किंवा कार्यवाह यांच्या नावाने अर्ज द्या. अर्जात पाहायच्या नोंदवह्या, कालावधी आणि कामाचे दिवस लिहा आणि पोच घ्या.

मार्चमध्ये हिशेब आणि अहवालांची घाई असते. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत चार तास बसणं खानदेशात शक्य नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अर्धं गाव पाहुण्यांत असतं. मला स्वतःला जुलै-ऑगस्ट बरा वाटतो, फक्त कानबाईच्या उत्सवाचे दोन दिवस सोडून.

कोणत्या वह्या, आणि त्या कशा वाचायच्या

दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक, तारीख, किंमत आणि ते कुठून आलं याची नोंद असते: खरेदी, भेट, की कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून. देवघेव वही रोजची. शिवाय सभासद नोंदवही, वर्गणीच्या पावत्यांची बुकं आणि मोफत वाचन कक्षातली सह्यांची वही. वही नसेल तर पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारीख पट्टी असते. संगणकावर ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारखी ग्रंथालयाची प्रणाली असेल तर नोंदी एका फाइलमध्ये काढून मिळतील. पण संगणक येण्याआधीची वर्षं वहीतच राहिली असतील, तेवढी हाताने उतरवा.

पानांचे फोटो मोबाइलने काढा. पान सपाट ठेवा, उजेड खिडकीतून एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको. प्रत्येक वहीचा पहिला फोटो मुखपृष्ठाचा हवा, म्हणजे नंतर पानं सरमिसळ होत नाहीत. कसर लागलेली किंवा ओल आलेली वही उलटी पसरून दाबू नका, शिवण सुटते. फोटो त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा.

आता या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग, ट्रूसवेल यांची पद्धत. तिला वहीसुद्धा लागत नाही. एक महिना देवघेवीच्या टेबलाशी बसा. पुस्तक बाहेर जायला आलं, की तारीख पट्टीवर आजच्या आधीची तारीख बघा. दोन रकाने भरा: आजची तारीख आणि आधीची तारीख. दोन्हींमधलं अंतर महिन्यांत काढा. पट्टी नवी चिकटवलेली असेल तर ‘पट्टी नवी’ लिहा, पुस्तक पहिल्यांदाच जात असेल तर ‘पहिली वेळ’. या दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा, अंतराच्या हिशेबात मिसळू नका.

महिन्याअखेरीस सगळी अंतरं लहानाकडून मोठ्याकडे लावा. समजा ४०० नोंदी झाल्या. त्यातली ३९६ वी नोंद ७ वर्षांवर आली, तर अर्थ असा, की आज जाणाऱ्या पुस्तकांपैकी ९९ टक्के पुस्तकं मागच्या ७ वर्षांत कधी ना कधी गेलेली होती. म्हणजे ७ वर्षांत एकदाही न हललेलं पुस्तक यापुढे मागितलं जाण्याची शक्यता फार थोडी. ही मुदत हातात आली, की कपाटाकडे वळा.

कपाटातली सगळी पुस्तकं तपासायची गरज नाही. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता नमुना ठरवायला अजून वापरतात. त्यानुसार ९,००० पुस्तकांसाठी ३६८ पुरतात, १,००० साठी २७८ लागतात. स्प्रेडशीटकडून तेवढे यादृच्छिक दाखल क्रमांक काढून घ्या, वर तीस-चाळीस जास्त. मग प्रत्येक क्रमांकाचं पुस्तक शोधा. ‘हाताला लागेल ते’ घेऊ नका. हाताला नेहमी पुढचं, वापरातलंच पुस्तक लागतं. क्रमांक रद्द झालेला असेल तर तो वगळून पुढचा घ्या. पण क्रमांक चालू आहे आणि पुस्तक जागेवर नाही, तर ‘सापडलं नाही’ अशी नोंद करा आणि ती अहवालात ठेवा. एका विद्यार्थिनीने अशा नोंदी घाबरून गाळल्या होत्या. ग्रंथपालांना त्रास होईल, ही तिची काळजी खरी होती. पण न सापडणारी पुस्तकं बहुधा आवडती असतात, आणि त्यांना गाळलं की वाचनालय आहे त्यापेक्षा जास्त निर्जीव दिसतं.

स्प्रेडशीट: इथे घाई केली तर पुढे सगळं बिघडतं

एका ओळीत एकच देवघेव. एका रकान्यात एकच गोष्ट. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, २०२४-०६-१५ अशी. अंक मात्र कीबोर्डवरच्या इंग्रजी आकड्यांत भरा, कारण देवनागरी अंकांना बरेच प्रोग्रॅम मजकूर समजतात आणि बेरीज करत नाहीत. अहवालात छापताना देवनागरी करता येतात.

मराठीची खास अडचण शीर्षकांत येते. जुन्या याद्या श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर शोधच लागत नाही. युनिकोडमध्येही एक सापळा आहे. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी पडतात आणि तुमची मोजणी चुकते. एक प्रकार ठरवा आणि ‘शोधा व बदला’ वापरून सगळीकडे तोच करा. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, लेखकाचं आडनाव आधी की नाव आधी, हे नियमही पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे दाखल क्रमांक. शीर्षकाऐवजी त्याच्यावर मोजणी करा.

सभासदांची नावं फाइलमध्ये आणूच नका. प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्या, नाव आणि क्रमांकाची जोडयादी वेगळ्या वहीत आणि ती वही वाचनालयातच. कोण काय वाचतं ही खासगी गोष्ट आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, पण कायदा नसता तरी हेच करायचं. एका लघुप्रबंधाच्या परिशिष्टात देवघेव वहीच्या पानाचा फोटो नावांसकट छापलेला मी पाहिला आहे. त्या पानावर आजाराविषयीची पुस्तकं नेणाऱ्या एका बाईंचं नाव होतं. गाव लहान होतं.

अहिराणीचा रकाना

२०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ ही मराठीपासून वेगळी नोंदलेली भाषा आहे आणि तिचे भाषक १८ लाख ६० हजारांवर आहेत. अहिराणी त्यातच येते. आता तुमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही उघडा आणि अहिराणी कवितासंग्रहासमोर भाषा काय लिहिली आहे ते बघा. मी पाहिलेल्या वह्यांत जवळजवळ सगळीकडे ‘मराठी’ आहे. रंगनाथन यांच्या कोलन वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषय आणि भाषेप्रमाणे अंक देण्याच्या पद्धतीत, मराठीसाठी १५५ हा अंक आहे, हिंदीसाठी १५२, गुजरातीसाठी १५६. अहिराणी पुस्तक आलं की ते निमूट १५५ मध्ये जातं.

हे दुरुस्त करता येतं. भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, म्हणजे आयएसओ ६३९-३ मध्ये, अहिराणीला ‘ए-एच-आर’ हा स्वतंत्र संकेत आहे. कोहामध्ये मार्क २१ या संगणकीय सूचीच्या ठरीव साच्यात नोंद करताना ०४१ या क्षेत्रात, म्हणजे भाषेच्या रकान्यात, तो घालता येतो. संकेत कोणत्या यादीतून घेतला हेही तिथेच सांगायचं असतं. तुमच्या स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने करा: ‘वहीतली भाषा’ आणि ‘पुस्तकातली भाषा’. दुसरा रकाना स्वतःच्या मताने भरू नका. शीर्षकपान, प्रस्तावना, प्रकाशकाची नोंद यांत जे लिहिलं आहे तेच उतरवा. बहिणाबाईंच्या गाण्यांची भाषा अहिराणी म्हणायची की लेवा बोली, यावर आपल्याकडे माणसं तावातावाने बोलतात. सूचीकाराचं काम पुस्तक स्वतःबद्दल काय सांगतं ते टिपण्याचं आहे.

एवढ्या साध्या कामातूनही चांगला शोधनिबंध होतो. बहुभाषिक नोंदी आणि दुर्लक्षित भाषांचा सूचीतला ठाव हा विषय सध्या जगभर अभ्यासला जातोय, आणि आपल्याकडे त्यासाठी लागणारा कच्चा माल कपाटात पडून आहे. नंदुरबारकडे काम करणाऱ्यांनी भिली आणि पावरीचा विचारही याच पद्धतीने करावा.

अभ्यासिका मोजायची कशी

तालुक्याच्या वाचनालयात आज सर्वांत भरलेली खोली अभ्यासिकेची. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा. ही मुलं रोज आठ-आठ तास बसतात, पण स्वतःची पुस्तकं आणतात, त्यामुळे देवघेव वहीत ती दिसत नाहीत. फक्त वही बघणाऱ्याला वाचनालय ओस वाटेल. इथे वहीचा उपयोग संपतो आणि डोळ्यांनी बघावं लागतं.

दोन आठवडे, दर तासाला एक फेरी मारा. किती खुर्च्या भरल्या, त्यांत मुली किती, वर्तमानपत्र वाचणारे, वाचनालयाचं पुस्तक वाचणारे, स्वतःचं वाचणारे आणि मोबाइलवर अभ्यास करणारे किती. फोटो काढू नका, नावं विचारू नका, फक्त कागदावर रेघा ओढा. बाजाराचा दिवस त्यात आलाच पाहिजे. मुलींची मोजणी संध्याकाळी पाचनंतर वेगळी ठेवा. कुठे शेवटची एसटी लवकर असते, कुठे रस्त्यावर दिवे नसतात, आणि त्याचा परिणाम या एका रकान्यात दिसतो.

आता प्रश्नावली

इतकं झाल्यावर तुम्हाला काय विचारायचं ते कळलेलं असतं. तीस प्रश्नांची गरज उरत नाही, दहा पुरतात. ‘तुम्हाला वाचनालय आवडतं का?’ ऐवजी ‘शेवटचं पुस्तक कधी नेलं आणि ते कोणी वाचलं?’ असं विचारा. दुसरा अर्धा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सभासद म्हणून नाव बापाचं किंवा नवऱ्याचं, पुस्तक घेऊन जाणारा शाळकरी मुलगा आणि वाचणारी घरातली बाई, अशी घरं मी पुष्कळ पाहिली. सभासद नोंदवही बघून ‘महिला वाचक कमी’ असा निष्कर्ष काढला, तर तो सरळ चुकतो.

भाषेची काळजी घ्या. छापील मराठीत विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा सावरून बोलतो. ‘तुमले काय वाचाले आवडस?’ असं विचारलं की तोच माणूस मोकळा होतो. प्रश्नांचे दोन पाठ तयार करा आणि गावातल्या दोन-तीन माणसांवर आधी करून बघा. जिथे ते ‘म्हणजे?’ विचारतील तो प्रश्न बदला.

न येणाऱ्यांना शोधायला वाचनालयाबाहेर पडावं लागतं. बंद झालेल्या सभासदांची यादी ग्रंथपालांकडे असते. त्यांच्यामार्फत निरोप पाठवून परवानगी घ्या. आठवडे बाजारात, दूध संकलन केंद्रावर, केळीच्या ट्रक भरतात तिथे बसा. तिथे पुस्तकाबद्दल विचारूच नका. ‘खताचा भाव, शाळेचा दाखला, दवाखान्याची योजना, याची माहिती लागली तर कोणाला विचारता?’ हा प्रश्न घ्या. रोजच्या जगण्यात माणसं माहिती कशी शोधतात यावर फिनलंडच्या रेइयो सावोलाइनेन यांनी १९९५ मध्ये मांडणी केली. त्याआधी आणि नंतरही अमेरिकेत एल्फ्रेडा चॅटमन यांनी सफाई कामगार आणि वृद्ध स्त्रियांमध्ये राहून हे काम केलं. लोक माहिती का लपवतात, परक्यावर विश्वास का ठेवत नाहीत, हे त्यांच्या लेखनातून समजतं. मुलाखतीला निघण्याआधी त्या दोघांचं वाचून घ्या. बारा-पंधरा चांगल्या मुलाखती पुरतात.

आकडेमोड आणि पूर्वीचं संशोधन

आकडेमोडीवर मी थोडंच सांगतो. आधी साध्या मोजण्या आणि महिनावार तक्ता. दोन गटांत फरक आहे का, एवढ्यासाठी काय-वर्ग चाचणी पुरते. ३० माणसांवर दशांश चिन्हानंतर दोन अंकांची टक्केवारी देऊ नका; ‘३० पैकी ११’ असंच लिहा.

पूर्वीचे प्रबंध शोधगंगावर मोफत मिळतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातलेही तिथे शोधा. ‘ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज’ आणि डेसिडॉक या संरक्षण संशोधनाच्या माहिती केंद्राचं ग्रंथालयशास्त्राचं नियतकालिक खुलं आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तुमची संस्था तिच्यात असेल तर १३ हजारांहून अधिक नियतकालिकं वाचता येतात. ग्रंथपालांकडून प्रवेश मागून घ्या. यूजीसीची केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे निबंध कुठे पाठवायचा हे आता आपण पारखायचं. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांपासून लांब राहा. इतिहासाच्या अंगाने काम असेल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि श्री समर्थ वाग्देवता मंदिर इथे जाऊन या. जुनी हस्तलिखितं कशी नोंदवतात ते प्रत्यक्ष बघायला मिळतं.

चॅटबॉटकडून संदर्भ घेऊ नका. खरी वाटणारी नावं, खंड, पृष्ठं देऊन तो अस्तित्वातच नसलेला लेख समोर ठेवतो. गेल्या वर्षी एका मसुद्यात असे चार संदर्भ मला सापडले आणि मुलाला सगळं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. जो लेख तुम्ही स्वतः उघडून वाचला नाही, तो यादीत नको. मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, हे बघणाऱ्या साम्य तपासणीत यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत कारवाई होत नाही. तरीही उसना परिच्छेद तो उसनाच.

वाचनालयाला परत काय द्यायचं

कार्यकारिणीला दोनशे पानं नको असतात. एक पान द्या, मराठीत, मोठ्या अक्षरांत: इतकी पुस्तकं तपासली, इतकी सात वर्षांत हलली नाहीत, इतकी सापडली नाहीत, अभ्यासिकेत या वेळेला जागा अपुरी पडते, अहिराणीची इतकी पुस्तकं चुकीच्या भाषेखाली आहेत. सभेत ते स्वतः वाचून दाखवा आणि प्रश्नांना उत्तरं द्या. न हललेल्या पुस्तकांची यादी देताना सांगा, की ही रद्दीची यादी नाही. यातलं एखादं पुस्तक जिल्ह्यात दुसरीकडे कुठेही नसेल, आधी चौकशी करा.

वह्यांचे फोटो पेन ड्राइव्हमध्ये घालून वाचनालयाकडे द्या. स्वतःकडची प्रत, नावांची जोडयादी आणि मोबाइलमधले फोटो काम संपल्यावर पुसून टाका आणि तसं लेखी कळवा. मग लघुप्रबंधाची एक बांधलेली प्रत घेऊन जा. अण्णांना ती दाखल नोंदवहीत चढवायला सांगा, दाखल क्रमांक घ्या, आणि शेवटच्या पानावर कोरी तारीख पट्टी स्वतःच्या हाताने चिकटवा.